खोक्यातला वास

पंजाबरावांनी थर्माकोलचं खोकं टेबलावर ठेवलं, पण स्वतः बसले नाहीत.

“याही खेपेले काही निघालं नाही, ताई,” ते म्हणाले. “कार्डं जशीच्या तशी आहेत. पानं उलटून उलटून माही मान मोडली.”

आभाने झाकण उघडलं आणि तिला बाबांचा वास आला.

लसणासारखा, थोडा गोडसर, नाकात खोल जाऊन बसणारा. लहानपणी बाबा दुकान बंद करून घरी आले की आधी हा वास यायचा आणि मग चपला काढल्याचा आवाज. तिने मान वर केली. समोर पंजाबराव उभे होते. मागे भिंतीशी कामावरची हंसाबाई डिंकाची वाटी घेऊन बसली होती. आणखी कोणी नव्हतं. बाबा माघात गेले, आता भाद्रपद चालू होता.

तिने खोक्यातल्या कार्डाची एक पट्टी भिंगाखाली धरली. कार्डावर चिकटवलेली तांदळाच्या पतंगाची अंडी काळी होती, म्हणजे प्रत्येकात गांधीलमाशीचं पिल्लू पूर्ण वाढलेलं होतं. टाचणीच्या टोकाहूनही लहान अशी ही माशी. ती बाहेर पडते, कपाशीवर बोंडअळीची अंडी हुडकते आणि त्यांत स्वतःची अंडी घालते. अळी जन्मालाच येत नाही, फवारा मारायची वेळ येत नाही. एवढ्यावरच आभाचा धंदा उभा होता. एका अंड्याला बारीक भोक पडलेलं दिसलं. भोकातून डोकं बाहेर आलं होतं आणि तसंच थांबलं होतं.

“तुम्ही लावायच्या आधी उन्हात ठेवली होती का?”

“उन्हात कायले ठेवतो? तुम्ही सांगतलं तसं माठाजवळ ठेवलं, सांजच्या पारी लावलं.” पंजाबरावांनी टोपी काढून घाम पुसला. “पतंग फिरून राह्यले शेतात. सर्वपित्रीच्या अवसेले अंडी पडतीन, दरसाल पडतात. तोवर मी थांबतो. आमच्या बारा जणांतला कोणीच फवारत नाही, मी सांगतलं म्हणून. पण अवसेपर्यंत माशी निघाली नाही तं मग पंप घ्या लागते. दुसरं काय?”

त्यांनी ‘पंप’ शब्द उच्चारला तेव्हा त्यांचा हात आपोआप खांद्याकडे गेला. गेल्या पावसाळ्यात, सतरा साली, तोच पंप पाठीवर घेऊन दोन औषधं एकत्र करून फवारताना ते ओळीतच कोसळले होते. यवतमाळच्या दवाखान्यात कितीतरी दिवस त्यांना माणसांची फक्त सावली दिसत होती. डोळे सुधारले, पण अजून ते समोरच्याकडे पाहताना जरा जास्तच डोळे बारीक करत. औषधं बाबांच्या याच दुकानातून गेली होती. कशात काय मिसळायचं तेही बाबांनीच सांगितलं होतं.

ते गेल्यावर आभाने खोकं पुढे सरकवलं. “हंसाबाई, बघ बरं. कसला वास येतोय?”

हंसाबाईने नाक आत घातलं. “मले तंबाखूच्या खर्ऱ्याशिवाय कायचाच वास येत नाही, ताई. पण तुमच्या माश्यायचं सांगू? माह्या जावयासारख्या आहेत. काळ्या ठिक्कर, घरात बसल्या त बसल्या, बाहेर पडाचं नाव नाही.”

आभा हसली. वासाचा विषय तिने सोडून दिला. गेलेल्या माणसाचे वास येतात, हे तिने वाचलेलं होतं. शोक करणाऱ्या मेंदूला ते साधं काम असतं. हे निरीक्षण धरायचं नाही, असं तिने ठरवलं.

वणीच्या मुख्य रस्त्यावरचं हे दुकान बावीस वर्षं कृषी केंद्र होतं. पंजाबराव दवाखान्यात पडल्यानंतर बाबांनी शटर अर्ध्यावरच ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक आलं की वाकून आत बघायचं आणि बाबा आतून ‘माल नाही’ म्हणायचे. मागे कपाटं भरलेली असायची. हिवाळा त्यांनी असाच काढला. मग एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेले.

आभा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात तासिकांवर शिकवत होती. ती परत आली आणि याच जागेत माश्या वाढवायचं ठरवलं. लोक म्हणाले, विषाच्या दुकानात कीटक? तिने उरलेला माल कंपन्यांना परत केला, कपाटं विकली, फरशी सोड्याने घासली, भिंतींवर चुन्याचे हात मारले, वैशाखभर दारं-खिडक्या उघड्या टाकल्या. मग प्रत्येक कोपऱ्यात पेल्यात जिवंत पतंग ठेवून पाहिले. सगळे जगले. तेव्हाच तिने कामाला हात घातला. बाबांची बैठक मात्र तिला सापडली नाही. लाकडी तख्तपोस होता, त्यावरची जाड गादी नव्हती. आईने सांगितलं, “दिली.” आभाने मनात म्हटलं, बरं झालं.

कच्ची जागा शोधायची तर साखळीच्या एका टोकापासून निघायला हवं. ज्वारीच्या भरड्यावर वाढणारे पतंग निरोगी होते. त्यांची अंडी ताजी होती. डिंक पातळ होता, अंड्यांचा श्वास कोंडत नव्हता. प्रत्येक खेपेतल्या कार्डाची एक पट्टी ती काचेच्या नळीत, तोंडाला मलमलचं कापड बांधून, स्वतःजवळ ठेवत असे. त्या नळ्यांतून दर वेळी माश्या निघत होत्या, काचेच्या उजेडाकडच्या बाजूला धुरळ्यासारख्या चढत होत्या. तेव्हा दुकानात सगळं बरोबर होतं. मरण बाहेर होतं.

बाहेर काय, तर रस्ता. वणीहून राजूरकडे जाणारा रस्ता कोळशाच्या ट्रकांनी रात्रंदिवस हलत असतो. कडेच्या झाडांची पानं काळी, वाळत घातलेले कपडे काळे. धूळ, धक्के, इंजिनाची धग. आणि पुढे माणसं. सांगितलेलं नीट न ऐकणारी, पट्ट्या खिशात कोंबणारी, तंबाखूच्या हाताने धरणारी. तिने पंजाबरावांच्या गावासाठी सूचनांचा कागद छापून घेतला होता. दुसऱ्या खेपेला तो मोठ्या अक्षरांत छापला.

तरी तिसरीही खेप मेली.

रात्री झोपताना तिला वाटायचं, दुकानात कोणीतरी तख्तपोसावर बसलेलं आहे. तिला भुताखेतांची भीती नव्हती. तिला भीती होती ती आपल्याला तसं वाटतं याची. खोकी भरायच्या दिवशी वास वाढायचा, हेही तिच्या लक्षात आलं होतं. त्याचा अर्थ तिने असा लावला की त्या दिवशी आपल्याला धाकधूक जास्त असते.

पितृपक्ष लागला. शेजारच्या गच्चीवर लोक पान ठेवून कावळ्यांना हाका मारू लागले. बाबांचं वर्ष व्हायचं होतं म्हणून त्यांच्या नावाचं पान यंदा नव्हतं. विमलताई, आभाची आई, स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या हाका ऐकत उभ्या राहायच्या.

पंजाबराव बी-बियाण्याच्या कामाला वणीत आले तेव्हा आभाने त्यांना थांबवलं. दुसऱ्या दिवशी माश्या निघतील अशी कार्डं तिच्याजवळ तयार होती. एकाच खेपेतली. काही पट्ट्या तिने नळीत ठेवल्या. काही नेहमीसारख्या कापसाच्या घडीवर ठेवून, खोक्यात भरून पंजाबरावांना दिल्या.

“हे शेतात लावायचं नाही. गावी न्या, रात्री घरात ठेवा, सकाळी परत आणा.”

“म्हंजे नुसतं फिरवून आणाचं?” पंजाबरावांनी डोळे बारीक केले. “नव्या नवरीवानी?”

“हो. रस्ता मारतो का ते बघायचंय.”

आणखी एक खोकं तिने तसंच भरलं आणि टेबलावरच ठेवून दिलं. त्याची खरं तर गरज नव्हती. पण शिकवलेलं अंगात मुरलं होतं. हललेल्या वस्तूच्या शेजारी न हललेली वस्तू ठेवायची.

सकाळी पंजाबराव आले. नळीत माश्या होत्या. गावाहून आलेलं खोकं मेलेलं होतं. मग आभाने टेबलावरचं खोकं उघडलं, जे रात्रभर जागचं हललं नव्हतं.

तेही मेलेलं होतं.

ती खुर्चीत बसली. रस्ता नव्हता. कोळसा नव्हता. उघड्या खोक्यातून वास येत होता आणि पंजाबराव खोक्यावर वाकून हुंगत होते.

“अनंतभाऊ असाच वास मारत,” बाबांचं नाव घेऊन ते सहज म्हणाले.

आभाने त्यांच्याकडे पाहिलं. तो वास तिच्या डोक्यात नव्हता. इतके दिवस तिच्याजवळ असलेलं सगळ्यात चांगलं यंत्र तिने दुःखाचं म्हणून बंद करून ठेवलं होतं.

त्या दिवशी तिने उरलेल्या पट्ट्यांचे दोन भाग केले. एक भाग नुसत्या खोक्यात. दुसरा काचेच्या बरणीत, खोक्यातल्या कापसाच्या घडीसोबत. उजाडल्यावर नुसतं खोकं जिवंत होतं, माश्या झाकणाच्या आतून फिरत होत्या. बरणीत, पांढऱ्या मऊ कापसाशेजारी, एकही नाही.

या घड्या विमलताई शिवत. ‘मलाही काही काम दे’ म्हणाल्या होत्या म्हणून आभाने खोक्यांत घालायच्या घड्या त्यांच्याकडे सोपवल्या होत्या. मलमलच्या चौकोनी पिशव्या, त्यात पिंजलेला कापूस, चारी बाजूंनी बारीक टाके. कार्डांना धक्का लागू नये म्हणून. आभाने ब्लेडने शिवण उसवली. वास एकदम तोंडावर आला. कापूस स्वच्छ दिसत होता, पण मध्ये कुठे कुठे पिवळट गुठळ्या होत्या. एका गुठळीत किरमिजी दोऱ्याची गाठ अडकली होती. गादीचा कोपरा फाटला तेव्हा बाबांनी तो स्वतः या दोऱ्याने शिवला होता. दुसरा रंग मिळाला नव्हता. आई त्यावरून किती दिवस हसत होती.

विमलताई मागच्या अंगणात तुरीची डाळ निवडत होत्या. आभाने गाठ त्यांच्या सुपाशेजारी ठेवली.

“आई, गादी कोणाला दिली होतीस?”

त्यांनी गाठ उचलली, बोटांत फिरवली. “पिंजाऱ्याला. पिंजून आणायला.”

“तू मला नुसतं ‘दिली’ म्हणालीस.”

“तू कुठे विचारलंस कोणाला म्हणून? तू तेव्हा टाकायला निघाली होतीस सगळं. कपाटं गेली, पाटी गेली. बैठकीचा कापूस आपल्याकडे टाकत नाहीत आभा. नव्या बैठकीत जुन्यातला मूठभर घालतात, तेव्हा धंदा चालतो. तुझ्या आजोबांची पेढी होती, त्यातला यांच्या गादीत होता. तुझ्या धंद्याला तर बैठकच नाही. तू स्टुलावर बसतेस. मग मी म्हटलं, खोक्यांत घालू.”

आभाला बाबा दिसले. तख्तपोसावर, मागे बाटल्यांचं कपाट. गळकी बाटली हातात आली की झाकण घट्ट करून ओला हात ते गादीच्या कडेला पुसत. रोज. वरच्या फळीवर बाटली फुटली की ती गादीवरच गळायची, मग चादर बदलायची, गादी उन्हात टाकायची. गादीने काही परत दिलं नव्हतं. बंद खोक्यात, उबेत, ती आता देत होती.

“त्या कापसाने माश्या मरतात आई.”

विमलताईंनी सूप खाली ठेवलं. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी ‘का-का’ करून हाका मारत होतं.

“शेवटी शेवटी एकच म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “मला पंजाबरावच्या शेतात एकदा जायचं आहे. काहून जायचं आहे, तर ते सांगायचे नाहीत. गेलेही नाहीत. मला वाटलं, प्रत्येक खोक्यातून थोडे थोडे जातील.”

आभाने त्यांच्या हातातली गाठ घ्यायला हात पुढे केला. विमलताईंनी मूठ मिटली. मग आपणहून उघडली.

“हात साबणाने धू,” आभा म्हणाली. ती दुसरं काही म्हणणार होती.

घरातला उरलेला कापूस तिने मोठ्या स्टीलच्या डब्यात भरला. पण तीन खेपांची खोकी गावात होती. कार्डं लावून झाल्यावर त्या घड्यांचं काय झालं असेल, हे तिच्या एकदम मनात आलं. इतका स्वच्छ पिंजलेला कापूस या भागात कोणीही उकिरड्यावर टाकणार नाही. तिने पंजाबरावांना फोन केला.

“मले काय माहीत? थांबा, घरात विचारतो.” फोनमधून लांबवर बायकोशी बोलल्याचा आवाज आला. “ती म्हणते, ठेवला आहे जपून. पोरगी बाळंतपणाले आली ना आमची. उशी केली लेकराची.”

“बाळ झालं?”

“नाही. आज-उद्या.”

“उशी कुठे आहे?”

“उन्हात.”

“कोणी तिला हात लावू नका,” आभा म्हणाली. “मी येते.”

ऑटो राजूरच्या रस्त्याला लागला तेव्हा तिच्या मांडीवर नवी खोकी होती, आत ताजी कार्डं आणि कापसाऐवजी नुसता वर्तमानपत्राचा कागद. पायाशी डबा, झाकणाला चिकटपट्टी. ट्रकांमागून काळी धूळ येत होती. तिला आठवलं, याच धुळीवर आणि याच लोकांवर तिने बोट ठेवलं होतं. गावात खरं सांगितलं तर ते पुन्हा दुकानाची पायरी चढतील का, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला. अनंतरावांनी आधी पंजाबरावांना पाडलं आणि आता लेकीने त्यांच्या घरात उशी पाठवली. मग बारा घरांत पंप निघतील. पण ‘मला माझी खोकी परत हवीत’ एवढंच सांगून उशी मागता येत नव्हती. काही उरलं-सुरलं कोणाच्या घरात राहिलं तर?

उशी दोरीवर होती. छोटी, फुलाफुलांची, कडेला झालर. इंदूबाई, पंजाबरावांची बायको, ओटा सारवत होती. मुलगी दाराला टेकून पाय पसरून बसली होती, पोटावर हात.

आभाने उभ्यानेच सगळं सांगितलं. कोणाची गादी, कशाने भिजलेली, कोणी पिंजून आणली. आईचं नाव तिने घेतलं नाही, ‘आम्ही’ म्हणाली.

इंदूबाईचा शेणाचा हात तसाच राहिला. मग ती उठली, काठीने उशी दोरीवरून पाडली आणि काठीनेच आभाच्या पायाशी ढकलली. “वाती नाही केल्या, बरं झालं,” ती म्हणाली. आत जाऊन उरलेल्या घड्या सुपात घालून आणल्या. बाराही घरांची खोकी तिच्याच ओट्यावर उघडत. “जाळून टाका.”

“जाळता येत नाही. धुरात उतरतं.”

“मंग पुरा.”

“जमिनीत मुरेल. तुमची विहीर जवळ आहे.”

“नदीत सोडा मंग.”

आभाने मान हलवली.

“जाळाचं नाही, पुराचं नाही, पाण्यात सोडाचं नाही,” इंदूबाई म्हणाली. “मंग या माणसाचं कराचं तरी काय वो?”

आभाने उशी आणि घड्या डब्यात दाबल्या आणि झाकण लावलं. डबा माळ्यावर ठेवावा लागेल. त्याच दुकानाच्या.

पंजाबराव इतका वेळ गोठ्याशी उभे होते. गोठ्याच्या खुंटीला निळा पंप लटकत होता, धुतलेला. ते सावकाश आले.

“अनंतभाऊ दवाखान्यात आलते,” ते म्हणाले. “मले दिसत नव्हतं कोण आहे, पण वासानं ओळखलं. पायथ्याशी बसले. मले म्हणे, तुमच्या शेतात येतो एकदा. मी म्हटलं, या ना. मग नाही आले.” त्यांनी डब्याकडे पाहिलं. “तं हे असे आले.”

मुलगी दारातून आत निघून गेली.

“या खेपेले काही आणलं काय?” पंजाबरावांनी विचारलं.

“आणलंय. पण आता तुम्ही ठरवा.”

ते खुंटीवरच्या पंपाकडे बघत राहिले, मग खोकी बगलेत घेऊन शेताकडे चालू लागले. ती मागून गेली.

शेतात ऊन उतरलं होतं. कपाशी कमरेएवढी, पात्या-कळ्यांनी भरलेली. पंजाबरावांनी बांधावर बसून झाकण उघडलं. कार्डावर दोन-चार काळे कण चालत होते. एक उडून त्यांच्या अंगठ्यावर बसला. त्यांनी अंगठा डोळ्यांच्या अगदी जवळ आणला.

“हालून राह्यली,” ते म्हणाले. “ही राखण करणार? माह्या म्हशीच्या गोचिडाएवढी नाही.”

“ती शोधेल.”

“पाहू.” ते बराच वेळ अंगठा धरून बसले. “अवसेले दोन दिवस आहेत. लावा, ताई.”

आभाने पट्टीकडे हात नेला आणि थांबली. निघताना तिने हात तीनदा साबणाने धुतले होते. इथे आल्यावर, उशी डब्यात घातल्यावर, हौदावर पुन्हा धुतले. तिने बोटं नाकाशी नेली. वास होता. की नव्हता? खरा की आठवणीतला, हे वेगळं करायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. दुसरं नाक नव्हतं, नळी नव्हती, न हललेलं खोकं नव्हतं.

“तुम्हीच लावा,” ती म्हणाली.

“काहून?”

“माझ्या हाताने नको.”

पंजाबरावांनी एक पान उलटं धरलं, देठापाशी पट्टी ठेवली आणि स्टेपलर दाबला. पुढच्या झाडाकडे सरकले. ओळ अरुंद होती, दोन्हीकडून फांद्या अंगाला लागत होत्या. आभा दोन्ही हात खांद्याच्या वर धरून, कुठल्याच पानाला बोट लागणार नाही असे, त्यांच्या मागून चालत राहिली.